स्पीकर बंद असताना पंख काय करत होता? सांगलीतल्या एका प्रोजेक्टची हकीकत

पार्श्वभूमी

सांगलीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजमधला मेकॅनिकल शेवटच्या वर्षाचा हा प्रोजेक्ट. कॉलेजचं नाव देत नाही, पोरांचीही देत नाही. गाइड मीच होतो, त्यामुळे चुकांमधला माझा वाटा लपवून उपयोग नाही. गटात चौघं होते: एक तासगावची मुलगी, घरी द्राक्षबाग, हिशोबाला एकदम पक्की, एक मिरजेचा, एक इस्लामपूरचा आणि एक विट्याचा, जो नावाला मेकॅनिकलला होता पण सोल्डरिंगची मशीन हातातनं सुटायची नाही.

डोक्यात कल्पना होती उसाच्या फडावरनं हळू उडत फोटो काढणाऱ्या छोट्या विमानाची. चार पंख्यांचा ड्रोन पंधरा-वीस मिनिटांत बॅटरी संपवून खाली येतो, पंखवालं विमान जास्त वेळ राहतं पण त्याला हळू उडवलं की ते पडतं. पोरांनी सप्टेंबरात थर्माकोलचं एक करून उडवलं होतं, वळताना वेग कमी झाला, नाक खाली गेलं आणि विमान सरळ उसात. सापडायला दोन तास गेले, आणि पाल्यानं हात कापून घेतले ते वेगळंच.

ते का पडलं हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पंखाच्या पाठीवरनं जाणारी हवा पुढच्या कडेला जोरात पळते, मग मागं सरकताना दाब वाढत जातो, म्हणजे तिच्या दृष्टीनं तो चढच. त्यात पंखाला चिकटून चाललेला थर आधीच घासून घासून मंदावलेला. उसाची डबल ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चढाला लागला की जसा धापा टाकतो तसं त्याचं होतं, एका जागी तो थांबतो, मागं फिरतो आणि वरची सगळी हवा पंखाला सोडून निघून जाते. याला सेपरेशन म्हणायचं. ते पुढच्या कडेपर्यंत पोचलं की स्टॉल, आणि विमान उसात. हळू उडायचं तर पंखाचा अँगल वाढवावा लागतो आणि अँगल वाढवला की चढ अजून खडा होतो, असा हा फास आहे.

छोट्या आणि हळू पंखाचं दुखणं अजून वाईट. पंखाचा आकार, वेग आणि हवेचा चिकटपणा मिळून निघणारा आकडा म्हणजे रेनॉल्ड्स नंबर. आमच्या मॉडेलचा तो लाखभरच होता, प्रवासी विमानाच्या पंखाचा कोटीच्या घरात जातो. लाखाच्या आसपास हा थर गुळगुळीत, शांत वाहतो, आणि शांत थर लवकर हार मानतो. गढूळ, घुसळलेला थर वरच्या जोरदार हवेतनं थोडा जोर खाली आणत राहतो म्हणून तो चढ जास्त वेळ चढतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं याच्यावरच आमची फजिती झाली.

आता थराला बाहेरनं जोर द्यायचा, हवा फुंकून, शोषून किंवा हलवून, तेही पाहिजे तेव्हा चालू आणि नको तेव्हा बंद, याला ॲक्टिव्ह फ्लो कंट्रोल म्हणतात. पोरांनी हलवायचा मार्ग धरला. पंख आतनं पोकळ, पाठीवर पुढच्या कडेपासून १० टक्के अंतरावर ०.८ मिमीची आडवी फट, आतली पोकळी पाइपनं बाहेरच्या वूफरला, म्हणजे मोठ्या स्पीकरला, जोडलेली. वूफरचा पडदा पुढं आला की फटीतनं हवेचा झोत बाहेर, मागं गेला की हवा आत. हिशोबानं एकूण हवा शून्यच आत-बाहेर होते, तरी बाहेर जाताना झोत बनून जाते आणि आत येताना चारी बाजूंनी येते, त्यामुळे निव्वळ जोर मिळतो. सिंथेटिक जेट म्हणतात त्याला.

पंख नाका ००१५ आकाराचा. नाका म्हणजे टोलनाका नव्हे, अमेरिकेची १९१५ साली निघालेली विमानविद्येची सल्लागार समिती, तिचीच पुढं १९५८ साली नासा झाली. पुढनं मागं लांबी १५० मिमी, ३००×३०० मिमीच्या आमच्या विंड टनेलमध्ये, म्हणजे पंख्यानं हवा सोडायच्या बोगद्यात, आडवा बसणारा, थ्री-डी प्रिंट केलेला. वूफर आणि अँप्लिफायर आणला इस्लामपूरवाल्याच्या चुलतभावाकडनं, त्याचा डॉल्बीचा धंदा आहे आणि अनंत चतुर्दशी झाली की माल गोडाऊनमध्ये पडूनच असतो.

अडचण

डिसेंबरात पहिला रिझल्ट आला तो बघून मी स्वतः चहा पाजला होता सगळ्यांना. १२ मीटर प्रति सेकंद वेग, अँगल १२ अंश, स्पीकर बंद असताना लिफ्ट, म्हणजे पंखाला वर उचलणारा जोर, सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, स्पीकर चालू केला की २५ ग्रॅम वाढ. म्हणजे जवळजवळ ८ टक्के! पोस्टरचं डिझाइन सुरू झालं, एका स्पर्धेचा फॉर्मपण भरला.

तासगावची मात्र गप्प होती. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, स्पीकर बंद केल्यावर लिफ्ट खाली येत नाहीये. पंचवीसातले पंधरा तसेच राहतायत." मी म्हटलं हिस्टेरिसिस असेल, स्टॉलच्या जवळ असं होतं, एकदा चिकटलेली हवा लगेच सुटत नाही. असं खरंच होतं, आणि म्हणूनच ते उत्तर धोक्याचं होतं, कारण पुस्तकातलं बरोबर उत्तर दिलं की माणूस पुढं बघायचं थांबतो. मी थांबलो. ती थांबली नाही.

टनेल बंद, हवा शून्य, बॅलन्सच्या, म्हणजे लिफ्ट मोजणाऱ्या काट्याच्या, डिजिटल इंडिकेटरवर शून्य. वूफरपासून पंखापर्यंत आम्ही वॉशिंग मशीनचा ड्रेन पाइप लावला होता, तोच कोरुगेटेड करड्या रंगाचा. तिनं त्या पाइपवर नुसतं बोट टेकवलं. इंडिकेटर ३० वर गेला. बोट काढलं, ८ वर आला, शून्यावर आलाच नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, काही बोलली नाही, परत बोट टेकवलं.

म्हणजे आमची ८ टक्के वाढ म्हणजे पाइप होता. स्पीकर थरथरला की पाइप थोडा बसायचा, बॅलन्सवर टेकायचा, आणि स्पीकर बंद केला तरी तिथंच राहायचा. हवेचा त्यात काही संबंध असेल-नसेल, ते त्या आकड्यावरनं कळायला मार्ग नव्हता.

इथं पहिला निर्णय आला. पाइप मऊ रबरी घ्यायचा आणि बॅलन्सच वापरत राहायचं, की बॅलन्सचा नाद सोडून पंखावर भोकं पाडून दाब मोजायचा? इस्लामपूरवाल्याचं म्हणणं पाइप बदलू, दोन दिवसांत होईल. दाबाचा मार्ग लांबचा, त्याला नवा पंख छापावा लागणार, वर ११ आणि खाली ७ बारीक भोकं, प्रत्येकाला नळी. शिवाय आमच्या वेगाला दाबच केवढा, तर १२ मीटरला हवेचा दाब जेमतेम ८ मिमी पाण्याचा. सरळ उभ्या मॅनोमीटरवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या पाण्याच्या नळ्यांवर, ८ मिमी वाचताना डोळा फसतो. म्हणून मॅनोमीटरचा बोर्ड इतका आडवा केला की ८ मिमीचे ४० मिमी दिसायला लागले, पाण्यात लाल शाई टाकली. महिना गेला यात पण हा निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं, कारण लिफ्ट किती एवढंच नाही तर हवा पंखावर कुठं सुटली हेही कळायला लागलं. हवा सुटलेल्या भागात दाब सपाट होतो, नळ्यांमधलं लाल पाणी एका रांगेत उभं राहतं, लांबनंच दिसतं.

आणि मग दुसरा झटका. नवा पंख आला तेव्हा मी सहज म्हटलं फटीवर सेलोटेप लावून एकदा कोरा पंख बघू. फट बंद असलेला पंख १२ अंशांपर्यंत टिकला. फट उघडी, स्पीकर बंद, तर ११ लाच सुटला. म्हणजे फट पाडल्यानंच आम्ही पंख बिघडवला होता आणि स्पीकर चालू करून ते बिघडलेलं जेमतेम भरून काढत होतो. एखाद्याच्या खिशातनं शंभर काढायचे, ऐंशी परत द्यायचे आणि म्हणायचं बघा ऐंशी दिले.

आमच्या वहीत "स्पीकर बंद" असा एकच कॉलम होता. खरं तर दोन पाहिजे होते, फट बंद आणि फट उघडी. आपण जे काही सुधारलं म्हणतो ते फट नसलेल्या पंखाच्या तुलनेत सांगायला पाहिजे, कारण विमान बनवणारा माणूस मुळात फट पाडायचीच का असं विचारणार.

पर्याय

जानेवारी संपत आला होता. बसून चार गोष्टींचा विचार केला.

पहिला, सतत फुंकायचं. याला इतिहास भक्कम आहे. लढाऊ विमानांनी हे पन्नास-साठच्या दशकात केलं, मिग-२१ च्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये उतरताना इंजिनातली दाबलेली हवा फ्लॅपवर फुंकायची सोय होती. जपानचं यूएस-२ हे पाण्यावर उतरणारं विमान, ते तर इतकं हळू उडू शकतं याचं कारण त्यात फक्त या कामासाठी एक वेगळं, पाचवं इंजिन ठेवलंय. आमच्याकडं वर्कशॉपचा २ एचपीचा कॉम्प्रेसर. विट्याच्यानं हिशोब केला, फटीचं क्षेत्रफळ गुणिले २० मीटरचा झोत म्हणजे मिनिटाला २९० लिटर हवा. टाकी भरलेली असेपर्यंत थोडा वेळ चाललं असतं, मग कॉम्प्रेसर मागं पडणार. बोइंगनं आणि नासानं २०१५ साली ७५७ च्या शेपटीवर ३१ बारीक डोलणारे झोत लावून उडवून बघितलं, तिथं हवा शेपटीतल्या एपीयूनं, म्हणजे छोट्या जादा इंजिनानं, दिली. हवेचा फुकट साठा ज्याच्याकडं आहे त्याला हे परवडतं.

दुसरा, शोषायचं. ही सगळ्यात जुनी गोष्ट. जर्मन शास्त्रज्ञ प्रँटलनं १९०४ साली हायडेलबर्गला बाउंडरी लेयरची, म्हणजे या चिकटून चाललेल्या थराची, कल्पना मांडली तेव्हाच गोल सिलिंडरच्या एका बाजूला फट पाडून, दमलेली हवा आत ओढून, प्रवाह चिकटून राहतो हे दाखवलं होतं. आमच्याकडं घरचा व्हॅक्युम क्लीनर होता. लावला. आणि काय सांगू, मस्त चालला, १४ अंशांना लाल पाणी सुरेख चढ-उतार दाखवत होतं. तासगावचीनं विचारलं, "सर, ह्याचे वॅट किती?" मागं लिहिलं होतं १०००. सव्वातीनशे ग्रॅम उचलायला हजार वॅट. सगळे हसले आणि क्लीनर परत गेला. मला नंतर मात्र वाटलं की आपण त्याला फार लवकर हसण्यावारी नेलं. व्हॅक्युमचा जोर कमी करत करत किती शोषण पुरतं हे बघायला पाहिजे होतं, बहुतेक शंभर वॅटमध्येही झालं असतं.

तिसरा, काहीच ॲक्टिव्ह करायचं नाही, पाठीवर झिगझॅग पट्टी चिकटवायची जेणेकरून थर आधीच घुसळून जाईल. ग्लायडरवाले हे करतात. खर्च वीस रुपये. पोरांना हे अजिबात नको होतं. "मग प्रोजेक्ट कशाचा?" हे म्हणणं त्यांचं, आणि मीपण हो म्हटलं. चूक माझी, ती पट्टी तेव्हाच लावून बघायला पाहिजे होती.

चौथा, स्पीकरच, पण नीट. हाच घेतला.

काय केलं

नीट म्हणजे काय, तर तोपर्यंत आम्ही फ्रिक्वेन्सी निवडली होती कानानं. फंक्शन जनरेटर, म्हणजे पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारं यंत्र, फिरवत जायचं आणि फटीसमोर उदबत्ती धरायची, जिथं धूर सगळ्यात जोरात उडतो ती फ्रिक्वेन्सी. ती निघाली ४०० हर्ट्झ, कारण पाइप आणि पोकळी मिळून त्या स्वराला घुमतात, बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर घुमते तसं. झोत तिथं सगळ्यात जोरदार, मग तीच घ्यायची, सरळ हिशोब. पण हा हिशोब पोकळीचा होता, पंखाचा नव्हता.

पंखाचा हिशोब वेगळा. सुटलेला थर आपोआप गुंडाळत जातो, त्याचे भोवरे बनतात आणि मागं वाहत जातात. योग्य ठेक्यावर डिवचलं की भोवरे मोठे आणि नियमित होतात आणि वरची जोरदार हवा खाली पंखापर्यंत खेचून आणतात. इस्रायल विग्नान्स्की हे हवेच्या प्रवाहाचे संशोधक, त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० च्या दशकात पंखांवर हे पद्धतशीर दाखवलं. फ्रिक्वेन्सी गुणिले सुटलेल्या भागाची लांबी भागिले वेग, हा आकडा १ च्या जवळ पाहिजे, म्हणजे एका वेळी एक-दोन भोवरे पंखावर असले पाहिजेत. आमचा पंख १५० मिमी, वेग १२, म्हणजे ८० हर्ट्झ. आम्ही ४०० वर होतो, पाचपट लांब.

मिरजेवाला हे ऐकून म्हणाला की सर हे जव्हारीसारखंच आहे. त्याच्या शेजारी तंबोरे बनवतात. घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात, तो केसभर पुढं-मागं झाला की तार मुकी, आणि बरोबर जागी आला की तंबोरा भरून बोलायला लागतो. तार तीच, बोट तेवढ्याच जोरानं छेडणार. दोरा जाड करून काही होत नाही, जागा सापडायला पाहिजे. मला तुलना आवडली, आमच्याकडं जागा बरी होती आणि वेळ चुकली होती इतकाच फरक.

८० वर आणल्यावर नवीन प्रश्न. झोत मेला. पोकळी ८० ला घुमत नाही, अँप्लिफायर वाढवला की वूफरच्या कॉइलमधनं वास यायला लागला. इथं विट्याच्यानं जे केलं ते या प्रोजेक्टमधलं सगळ्यात हुशारीचं काम. ४०० हर्ट्झ तसाच ठेवला, पण तो सेकंदाला ८० वेळा चालू-बंद केला, एका आवर्तनात चौथा हिस्सा चालू, बाकी बंद. झोताला जोर पोकळीच्या घुमण्यातनं मिळतो आणि हवेला ठेका ८० चा लागतो. परदेशी प्रयोगशाळांमध्ये ही युक्ती आधीपासून वापरात आहे हे आम्हाला नंतर कळलं, त्याला ती मोटरसायकलच्या इंडिकेटरच्या फ्लॅशरवरनं सुचली होती.

आता जे दिसलं ते सांगतो. पंख काळा मॅट रंगवलेला आणि पाठीवर शिलाईच्या पांढऱ्या दोऱ्याचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे ओळीनं चिकटवलेले. १४ अंश. स्पीकर बंद, सगळे दोरे वेड्यासारखे, काही उलटे पुढं तोंड करून, काही उभे. विट्याच्यानं बटण दाबलं. खोलीभर धडधड, बाजूच्या वर्गातनं कुणीतरी "गणपती आले का" म्हणून ओरडलं, आणि दोरे बसले. सगळे नाही, मधले नाही, पण दोन्ही कडांकडच्या तीन-तीन ओळींतले मागं तोंड करून शहाण्यासारखे. बटण सोडलं, परत गोंधळ. परत दाबलं, परत बसले. दहा-बारा वेळा केलं असेल, कुणाचं समाधानच होईना. या वेळी पाइप पंखाला लागून होता पण वजनाचा प्रश्नच नव्हता, दोऱ्याला पाइप ढकलू शकत नाही.

मधले का बसले नाहीत, तर हवा दोन्ही बाजूंनी पोकळीत शिरत होती आणि मध्यापर्यंत पोचेतो झोत पडत होता. उदबत्ती मधल्या फटीसमोर धरली तेव्हा लगेच कळलं. पोकळी मागं मोठी करून नवा पंख छापायला वेळ नव्हता, तेवढं रिपोर्टमध्ये लिहिलं.

आणि मग मार्चमध्ये ते जाळीचं झालं.

टनेलच्या तोंडाशी हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी नळ्यांची चौकट, आणि जाळी असते, हवा सरळ आणि शांत करायला. आमची लॅब कारखान्याच्या वाऱ्याच्या बाजूला आहे, गाळप हंगामात काजळी येतेच, वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते तीच. शनिवारी लॅबमधल्या मामांनी चांगल्या मनानं सगळं धुऊन काढलं. "सर, जाळी पार चोंदली होती, ब्रशनं घासून काढली, आता बघा कसं वारं येतंय." सोमवारी फट बंद केलेला कोरा पंख लावला तर १२ ऐवजी १० अंशांतच सुटला. मामांनी टनेल सुधारला आणि पंख बिघडला.

डोकं खाजवत दोन दिवस गेले. मग सुरुवातीचं ते वाक्य आठवलं, घुसळलेला थर जास्त टिकतो. काजळीनं अर्धवट चोंदलेल्या जाळीतनं येणारी हवा आधीच खवळलेली होती, आमच्या पंखाला ती फुकटात मदत करत होती. हवा शांत झाली, मदत गेली. लाखाच्या रेनॉल्ड्सला हे इतकं नाजूक असतं हे पुस्तकात वाचलेलं होतं, हाताला पहिल्यांदा लागलं.

निर्णय असा होता: जुने रिडिंग ठेवून जमेल तसं जोडायचं, की सगळं फेकून स्वच्छ जाळीवर नव्यानं घ्यायचं. सबमिशनला पाच आठवडे. इस्लामपूरवाला म्हणाला, "सर, कुणाला कळणार हाय, आकडे बरे हायत की." मी लगेच नाही म्हणालो नाही, खरं सांगतो, दोन मिनिटं विचार केला. तासगावची म्हणाली की जुन्या वहीतलं ठेवू पण वेगळ्या भागात, "मळकी जाळी" असं नाव देऊन. तेच केलं, आणि तो भाग शेवटी सगळ्यात जास्त वाचला गेला.

निकाल

स्वच्छ जाळीवर, फट बंद असलेला पंख १० अंशांपर्यंत टिकला. फट उघडी, स्पीकर बंद, ९. ठेका लावून १३. म्हणजे कोऱ्या पंखापेक्षा ३ अंश जास्त, हा आकडा आम्ही मनापासून सांगू शकत होतो. नुसता ४०० सतत लावला तर १० च, म्हणजे फटीचं नुकसान भरून निघतं, बाकी काही नाही. ३००×३०० च्या बोगद्यात १५० चा पंख १३-१४ अंशांना उभा केला की तो वाटेचा दहा-बारा टक्के भाग अडवतो, तेव्हा हे अंश जसेच्या तसे उघड्या आकाशात मिळतील असं नाही. एकमेकांशी तुलना मात्र चालते.

मग शेवटच्या आठवड्यात, मीच हट्ट धरला म्हणून, झिगझॅग पट्टी. शिंप्याच्या झिगझॅग कात्रीनं इन्सुलेशन टेप कापली, दोन थर, ५ टक्क्यांवर चिकटवली, फट बंद. कोरा पंख १० वरनं १२ वर गेला. वीस रुपयांत दोन अंश. १३ ला मात्र पट्टी हरली, तिथं हवा सुटते तेव्हा तिला परत आणायला ठेकाच लागतो.

पोरांचे चेहरे उतरले होते. पण हा उतरलेला चेहराच रिझल्ट होता. अँप्लिफायर १८ वॅट घेत होता, वर वूफर आणि पाइपचं वजन, ते तसल्या छोट्या विमानावर चढवून एक अंशासाठी कोण उडवेल? त्यांनी रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं: रोजच्या उडण्याला पट्टी लावा, आणि ॲक्टिव्ह करायचंच तर फक्त वळताना आणि उतरताना, काही सेकंद, तेही वूफर टाकून पातळ पिझो चकत्या, म्हणजे विजेवर थरथरणाऱ्या चकत्या, वापरून.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या आठवड्यात पाइपवर बोट टेकवून बघायचं. मोजायच्या वस्तूला लागलेलं प्रत्येक काहीतरी, वायर, नळी, पाइप, हवा बंद असताना हलवून बघायचं, दहा मिनिटांचं काम आहे, आमचे दोन महिने वाचले असते.

दोरे आधी, आकडे नंतर. आम्ही उलटं केलं कारण आकडा पोस्टरवर छान दिसतो. दोऱ्यांनी डिसेंबरातच सांगितलं असतं की ४०० ला जास्तीचं काहीच मिळत नाहीये.

पट्टी पहिल्याच महिन्यात. तिच्याविरुद्ध जिंकत असेल तरच पुढं खर्च करायचा.

आणि जाळी धुवायची असेल तर प्रोजेक्ट सुरू व्हायच्या आधी, मामांना तारीख सांगून. मामांची यात काही चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

अजून एक राहिलं, ते आम्हाला सुचलंच नव्हतं, तोंडी परीक्षेला बाहेरनं आलेल्या सरांनी काढलं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "टनेलच्या पंख्याला पाती किती?" चौघंही गप्प, मीपण गप्प. रोज त्या पंख्याच्या शेजारनं जायचो. तासगावची उठून लॅबमध्ये गेली, मोजून आली. "सहा, सर." "आणि १२ मीटरला फेरे किती?" टॅकोमीटर होता, लावला, मिनिटाला ८०० च्या आसपास. आठशे भागिले साठ गुणिले सहा. त्यांनी हिशोब फळ्यावर मांडायच्या आधीच विट्याच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ८० हर्ट्झ.

म्हणजे आमचा पंखा स्वतःच, कमी आवाजात का होईना, बरोबर त्याच ठेक्यावर टनेलभर गुणगुणत होता, स्पीकर चालू असो वा बंद. वेग बदलून सुटका नाही, कारण वेग वाढला की पंख्याचे फेरे त्याच प्रमाणात वाढतात आणि पंखाला लागणारा ठेकाही त्याच प्रमाणात वाढतो, दोघं जोडीनं चालतात. सरांनी मार्क चांगले दिले. पोरांनी दोन दिवसांनी स्पीकर ६५ वर आणि ९५ वर लावून बघितला, परिणाम दोन्हीकडं जवळजवळ तेवढाच राहिला, म्हणजे काम स्पीकरचंच होतं. पण फट बंद असलेल्या कोऱ्या पंखाचा १० अंश हा पंख्याची गुणगुण धरून होता की तिच्याशिवायही तेवढाच आला असता, हे आमच्या टनेलमध्ये कळायला मार्ग नव्हता.

यंदाची बॅच तिथनंच सुरू करतेय. आधी डिफ्युझरला, म्हणजे टनेलच्या मागच्या रुंद होत जाणाऱ्या भागाला, आतनं दोन इंची स्पंज लावायचं ठरत होतं, पण इतक्या खालच्या स्वराला तेवढा स्पंज काहीच करत नाही, म्हणून आता दुप्पट पात्यांचा पंखा बसवून ८० चे १६० करायचे असा विचार आहे. कुपवाडच्या एका फॅब्रिकेटरकडनं कोटेशन मागवलंय.